सतरावी प्रतिज्ञा आणि आडनाव नसलेली बैठक

१

काही वर्षांपूर्वी चौदा एप्रिलच्या रात्री शिरोळ तालुक्यातील एका वस्तीत मी बावीस प्रतिज्ञांवर व्याख्यान दिले. बोलणे बरे झाले असावे, कारण टाळ्या पडल्या. कार्यकर्त्यांनी हार घातला. मंडपातून बाहेर पडताना आईच्या नात्यातली एक म्हातारी जवळ आली. ती मला सर म्हणत नाही, लहानपणापासूनच्या नावाने हाक मारते. कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू ती म्हणाली, "बाळ, समदं ब्येस बोललास. खरं तुज्या त्वांडाला वास येतुया."

तिने हे चारचौघांत सांगितले असते तर मी भांडलो असतो. तिने माझी लाज राखली, म्हणून मला उत्तर देता आले नाही. सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची. तिच्यावर मी पंधरा मिनिटे बोललो होतो, आणि बोलण्याचा धीर यावा म्हणून आधी पिऊन गेलो होतो.

मी जयसिंगपुरात राहतो आणि एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. घरात पदवी घेणारा मी पहिला. वडील बाजारपेठेत हमाली करीत, आई दुसऱ्यांच्या रानात भांगलणीला जाई. अशा घरातला मुलगा प्राध्यापक झाला की तो एकट्याचा राहत नाही, तो वस्तीचा दाखला होतो. दाखल्याला डाग चालत नाही. म्हणून तो डाग झाकतो आणि झाकण्यासाठी आणखी पितो. आपल्यातल्या पहिल्या पिढीच्या शिकलेल्यांपैकी किती जण असे झाकून पितात, याची नोंद कोणत्याही चळवळीच्या इतिहासात नाही. हा लेख त्या न केलेल्या नोंदीविषयी आहे.

२

दारू आणि दलित हा विषय निघाला की प्रस्थापितांचे उत्तर तयार असते. ही माणसे पितात म्हणून दरिद्री आहेत, असे ते म्हणतात. आपलेही उत्तर तयार असते. ही माणसे दरिद्री ठेवली गेली म्हणून पितात, असे आपण म्हणतो. दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा खूपच खरे आहे, आणि त्याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. तो आधार आधी पाहू.

अमेरिकेतील गुलामगिरीतून पळून सुटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ साली आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. नाताळ ते नववर्ष या सुट्टीत मालक गुलामांना मुद्दाम दारू पाजत, हे त्यांनी त्यात नोंदवले आहे. हेतू दयेचा नव्हता. सुट्टी म्हणजे झिंगून पडणे आणि झिंग उतरल्यावरची किळस, एवढाच स्वातंत्र्याचा अनुभव गुलामाला मिळावा आणि तो आपण होऊन कामाकडे परत वळावा, हा हिशेब होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलाम मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. पुढे पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, त्यांनी शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिले. हे दोन प्रसंग आपण वेगवेगळे वाचतो. मला ते एकाच विचाराचे दोन टोक वाटतात. गुलामाला बांधून ठेवणाऱ्या वस्तूंमध्ये ग्रंथ असतो, तशी बाटलीही असते.

फुल्यांच्या पत्राआधी दोनच वर्षे, १८७८ साली, मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला होता. गावोगावची लहानसहान गाळणी मोडून दारूचे उत्पादन सरकारी देखरेखीखाली आणि मक्तेदारांच्या हाती आणण्याची व्यवस्था त्यातून उभी राहिली. पिणाऱ्याच्या खिशातून थेट तिजोरीत जाणारा रस्ता तेव्हा बांधला गेला. राज्यकर्ते बदलले, तरी तो रस्ता कुणी उखडला नाही.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. १९५०च्या एप्रिलपासून राज्यभर बंदी लागू झाली. बंदी सर्वांना सारखी होती असे म्हणतात. प्रत्यक्षात ज्याला डॉक्टरचा दाखला मिळे त्याला प्रकृतीच्या कारणासाठी परवाना मिळे, आणि ज्याला दाखला मिळत नसे त्याला हातभट्टी आणि पोलिसांची गाडी मिळे. छापे पडले ते बंगल्यांवर नव्हे, झोपड्यांवर आणि विमुक्त जमातींच्या वस्त्यांवर. साठच्या दशकात बंदी सैल झाली. १९७३ साली देशी मद्याचे नियम झाले आणि परवानाधारक देशी दारूचे दुकान हा गावोगावचा देखावा बनला. मूळचा दारूबंदी कायदा मात्र पुस्तकात तसाच आहे. महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे परवाना असावा असे कायदा अजूनही म्हणतो, आणि सरकार त्याच पिणाऱ्याकडून महसूल घेते.

आमच्या भागात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठचा हा उसाचा मुलूख. दरवर्षी बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, मुकादमाची उचल अंगावर घेऊन, बायकापोरांसह. त्यांनी तोडलेला ऊस कारखान्यात जातो. साखर वेगळी होते, मागे मळी उरते, मळीपासून मद्यार्क होतो आणि मद्यार्कापासून देशी दारू. ज्याच्या कोयत्याने ऊस तोडला, त्याच्याच मजुरीवर ती बाटली विकली जाते. आणि ती बाटलीही परवडेनाशी झाली की माणूस विषारी दारूकडे जातो. १९९१ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालवणीत ज्या लोकांचे बळी गेले, ते हातावर पोट असलेले लोक होते. मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली.

हा सगळा इतिहास मला पाठ होता. वर्गात मी तो चांगला शिकवत असे. आणि संध्याकाळी अंकलीचा पूल ओलांडून सांगलीला जाऊन पीत असे, कारण जयसिंगपुरात विद्यार्थी भेटण्याची भीती होती. तेव्हा कळले की शोषणाचा इतिहास माहीत असल्याने हाताचा कंप थांबत नाही.

३

बाबासाहेबांनी दारूविषयी दोन वेगवेगळ्या प्रसंगी घेतलेल्या दोन भूमिका शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, असे मला वाटते. १९५१ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात दारूबंदीच्या सरकारी धोरणाला स्पष्ट विरोध होता. बंदीमुळे महसूल बुडतो, शिक्षणासारख्या कामांना पैसा उरत नाही, आणि घरोघरी हातभट्ट्या लागून जिथे दारू नव्हती तिथेही ती शिरते, असा तो विचार होता. पाच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला लाखो लोकांना त्यांनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली.

वरवर पाहणाऱ्याला यात विसंगती दिसेल. मला दिसत नाही. पोलिसाच्या काठीने माणूस दारू सोडत नाही, तो आपल्या निर्धाराने सोडतो, ही एकच गोष्ट दोन्हीकडे आहे. पण त्या निर्धाराची पुढे व्यवस्था काय, हा प्रश्न उरतो. प्रतिज्ञा दिल्यानंतर दोन महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले. बाकीचे काम आपल्यावर होते.

आपण काय केले? माझ्या घरचेच सांगतो. १९२० सालच्या मार्चमध्ये माणगावला परिषद झाली. अध्यक्ष बाबासाहेब होते, आणि शाहू महाराज स्वतः हजर होते. माणगाव आमच्या शेजारच्या हातकणंगले तालुक्यात. माझे पणजोबा तिथे चालत गेले होते, असे आमच्या घरात सांगतात. आजोबांनी धम्म घेतला, देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, मेलेल्या जनावराचे मांस त्याआधीच सुटले होते. मरीआईच्या यात्रेतली दारूही सुटली. आजोबांनी प्रतिज्ञा मरेपर्यंत पाळली. वडिलांनी ती पाळली नाही. पोत्यांखाली दिवसभर वाकलेली पाठ रात्री सरळ व्हावी म्हणून ते पीत आणि पिऊन आईला मारीत. आजोबा त्यांना घरात घेत नसत. वडील दारात झोपत. सकाळी आई त्यांना आत आणी. वडील यकृताच्या आजाराने गेले, तेव्हा ते पन्नाशीतही पोचले नव्हते. त्यांच्या दारूविषयी घरात कुणी कधी बोलले नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वक्त्यांनी त्यांना कष्टाळू आणि चळवळीचा पाठीराखा म्हटले. दोन्ही खरे होते. तिसरी गोष्ट कुणी बोलले नाही.

प्रतिज्ञा मोडणाऱ्याशी आपण दोनच रीतींनी वागलो. दारात झोपवले, नाही तर झाकले. तिसरी रीत आपल्याच परंपरेत होती, हे मला फार उशिरा कळले.

४

एका सुट्टीत मी दोन दिवस अजिबात प्यायलो नाही. दुसऱ्या रात्री अंग थरथरू लागले, भिंतीवर नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. बायकोने मला मिरजेच्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सांगितले की रोज पिणाऱ्याने दारू एकदम आणि एकट्याने तोडू नये. झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. औषधाखाली तोडावी. वाचकांपैकी कुणाच्या घरी हा प्रसंग असेल त्यांनी हे लक्षात ठेवावे. आठ दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे एक वार, एक वेळ आणि सांगलीतल्या एका शाळेचा पत्ता लिहिला. "इथून पुढचं औषध माझ्याकडे नाही," ते म्हणाले. "तिथे जा."

पहिल्या आठवड्यात मी त्या शाळेच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. दुसऱ्या आठवड्यात समोरच्या टपरीवर उभा राहून आत जाणारी माणसे मोजली. बरी कपडे घातलेली होती, मळकी कपडे घातलेली होती. एक जण मोटारीतून उतरला, एक सायकलवरून. आत गेल्यावर पहिला प्रश्न कोणता येणार हे मला ठाऊक होते. आमच्या भागात तो प्रश्न फार सभ्यपणे विचारतात. "पूर्ण नाव काय म्हणायचं?" जयसिंगपुरात भाड्याने घर शोधताना तो मी अनेकदा ऐकला होता.

जयसिंगपूर हे शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या, नावाने आखून वसवलेले गाव. इथे गल्ल्यांना जातींची नावे नाहीत, नंबर आहेत. पहिली गल्ली, सहावी गल्ली, दहावी गल्ली. हे मला नेहमी त्या राजाच्या दृष्टीचे चिन्ह वाटत आले आहे. पण नंबरामागे राहणारी माणसे आडनाव विचारतातच. गल्लीचे नाव बदलणे राजाच्या हातात होते. दारामागचे विचारणे त्याच्या हातात नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात फाटकाशी एक वयस्क गृहस्थ चहाची किटली घेऊन उभे होते. मला घुटमळताना पाहून म्हणाले, "या की. च्या घेणार न्हवं?" मी आत गेलो. बाकांवर वीसेक माणसे. एकेक जण उठे, फक्त आपले नाव सांगे, आपण मद्यपी आहोत असे म्हणे आणि आपली हकिगत सांगे. सगळे एकदम त्या नावाने नमस्कार करीत. आडनाव कुणी सांगितले नाही, कुणी विचारले नाही. ती तिथली पद्धत होती. माझी पाळी आली तेव्हा मी फक्त नाव सांगितले. पस्तीस वर्षांच्या आयुष्यात माझे नाव एवढ्यावर पहिल्यांदाच पुरेसे ठरले.

त्या खोलीत कोण काय बोलले ते मी लिहिणार नाही. ते बाहेर नेऊ नये असा नियम आहे. पुढे ज्यांचे बोलणे दिले आहे, ते त्यांना विचारून दिले आहे.

५

इतिहासाचा शिक्षक असल्याने ही पद्धत आली कुठून, हे मी शोधले. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी बिल नावाचा एक शेअर दलाल आणि बॉब नावाचा एक शल्यविशारद भेटले. दोघेही दारूने बुडालेले. एका मद्यप्याने दुसऱ्या मद्यप्याशी आपली खरी हकिगत बोलली की दोघांचाही त्या दिवसाचा घोट टळतो, हा त्यांना लागलेला शोध. डॉ. बॉब यांनी १० जूनला शेवटचा घोट घेतला, तोच दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चा, म्हणजे ए.ए.चा, स्थापनादिन मानतात. १९३९ साली त्यांचे बारा पायऱ्यांचे पुस्तक निघाले. १९५० साली संघटनेने बारा परंपरा स्वीकारल्या. सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट, बाहेरची वर्गणी नाही, बाहेरच्या वादांवर मत नाही, वृत्तपत्रांत नाव नाही. भारतात हे काम १९५७ साली सुरू झाले. म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतर दुसऱ्याच वर्षी. दोन्ही प्रवाह सात दशके एकाच देशात वाहिले, पण एकमेकांना फारसे भेटले नाहीत.

ही गोरी, मध्यमवर्गीय, ख्रिस्ती वळणाची चळवळ होती हे विसरू नये. इच्छा एवढीच अट असे म्हणणाऱ्यांच्या देशात काळ्या मद्यप्याला गोऱ्यांच्या गटात बसणे सोपे नव्हते. १९४५ साली वॉशिंग्टनमध्ये एका काळ्या डॉक्टरच्या पुढाकाराने काळ्यांचा स्वतंत्र गट उभा राहिला. नियम कितीही उदार असला तरी समाजातली भिंत खोलीच्या दारापर्यंत येते. आपल्याकडेही आडनाव न विचारणाऱ्या खोलीत बोलीवरून, गावावरून, नमस्कार करण्याच्या तऱ्हेवरून माणसाची जात ओळखणारे असतातच. मी भाबडेपणाने काही लिहीत नाही.

तरीही एक फरक मला मोलाचा वाटतो. आडनाव लपवणे ही आपल्यातल्या काहींची जुनी, अपमानाची सवय आहे. घर मिळावे म्हणून, नोकरीत टोमणे नकोत म्हणून आपण ते गाळतो, आणि गाळताना मान खाली जाते. त्या खोलीत मात्र सगळेच आडनाव दाराबाहेर ठेवतात. ज्याच्या आडनावाला गावात वजन आहे तोही. एकट्याने लपवणे ही लाज असते, सगळ्यांनी सोडणे ही समता असते. अमेरिकेतल्यांनी हा नियम बदनामी टाळण्यासाठी केला. आपल्या मातीत त्याने दुसरेच काम केले.

आणि ती किटली. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले, तेव्हा शाहू महाराज गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा पीत आणि सोबतच्या लोकांनाही पाजत, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. एका राजाला मुद्दाम, दाखवून करावे लागले ते काम इथे दर आठवड्याला कुणी दाखवत नव्हते. चौथ्या आठवड्यात किटली माझ्या हातात आली. सर्वांनी चहा घेतला.

६

पण माझ्या मनात दोन गाठी होत्या. त्या सांगितल्या नाहीत तर हा लेख खोटा होईल.

पहिली गाठ पहिल्याच पायरीची. दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करा, असे ती सांगते. आपल्या चळवळीने आपल्याला याच्या उलट शिकवले. तुम्ही हतबल नाही, उठा, असे शिकवले. हजारो वर्षे हतबल म्हणवून घेतलेल्या समाजातल्या माणसाने पुन्हा तो शब्द तोंडाने उच्चारायचा? मला ते जड गेले. दोन महिने मी ते वाक्य गाळून बोलत होतो. तिसऱ्या महिन्यात एका लग्नात एकच पेला घेऊ म्हणून घेतला आणि तीन दिवस शुद्धीत नव्हतो. तेव्हा कळले की हतबलता माणसापुढची आणि विषापुढची वेगळी असते. साप चावल्यावर विषापुढे आपले चालत नाही हे मान्य करणारा माणूसच दवाखान्यात जातो. त्याने तो सावकारापुढे वाकत नाही.

दुसरी गाठ ईश्वराची. बैठकीत प्रार्थना होते, आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास ठेवा असे सांगतात. ज्याच्या आजोबांनी टाक नदीत सोडले त्याने हे कसे म्हणावे? किटलीवाल्या गृहस्थांना मी हे स्पष्ट सांगितले. ते शेतकरी, माळकरी, माझ्याहून तीस वर्षांनी मोठे. ते म्हणाले, "द्येव ऱ्हाऊ द्या बाजूला. ही बसल्याली वीस माणसं तुमच्या एकट्यापरास ताकदीची हाईत का न्हाईत, तेवढं सांगा." मी म्हणालो, आहेत. "मग झालं की," ते म्हणाले.

घरी येताना पुलावर माझ्या लक्षात आले की त्यांनी नकळत मला तिसरे शरण शिकवले होते. बुद्ध, धम्म आणि संघ. पहिली दोन आपण व्याख्यानात फार बोलतो. तिसरे मात्र गाथा म्हणण्यापुरते ठेवतो.

मग मी विनयपिटकाकडे वळलो. भिक्षूंना दारू वर्ज्य करणारा नियम कसा आला याची कथा तिथे आहे. सागत नावाचा भिक्षू मोठ्या सामर्थ्याचा होता. आंबतीर्थाच्या भयंकर नागाला त्याने नमवले. त्याची कीर्ती पसरली. कौशांबीच्या लोकांनी कृतज्ञतेने घरोघर त्याच्यासाठी मद्य तयार ठेवले. त्याने ते घेतले आणि नगराच्या वेशीत कोसळला. बुद्ध तिथून जात होते. त्यांनी भिक्षूंना सांगितले, सागताला उचला. भिक्षूंनी त्याला विहारात आणले. त्याचे डोके बुद्धांकडे करून निजवले, तर तो फिरून पाय त्यांच्याकडे करून झोपला. बुद्धांनी विचारले, नागाला नमवणारा हा आता साध्या पाणसापाला तरी नमवील काय? आणि मग नियम केला.

ही कथा वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. व्यासपीठावर नाग नमवणारा आणि वेशीत पडणारा, दोघांनाही मी ओळखत होतो. पण महत्त्वाचे पुढेच आहे. हा अपराध 'पाराजिक' नाही. ज्यासाठी संघातून कायमचे काढतात त्यात तो बसत नाही. तो 'पाचित्तिय' आहे. म्हणजे संघासमोर कबूल करून शुद्ध व्हावयाचा. दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी भिक्षू जमत, पातिमोक्खाचे पठण होई, ज्याच्याकडून चूक झाली त्याने ती उघड सांगावी अशी रीत होती. अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्या संघाने ठरवलेले उत्तर असे होते. पडलेल्याला उचला, आत आणा आणि बोलू द्या.

त्या तीन दिवसांनंतर मी बैठकीला परत गेलो तेव्हा कुणी मला काढले नाही. खुर्ची सरकवली आणि चहा दिला. वडील ज्या दारात झोपत ते दार मला त्या वेळी आठवले.

७

बैठकीच्या मर्यादाही लिहिल्या पाहिजेत. ती बाहेरच्या प्रश्नांवर बोलत नाही, हा तिचा नियम. म्हणून दुकानांचे परवाने, मळीचे अर्थकारण, ऊसतोड मजुराची उचल या गोष्टी तिच्या कक्षेत येत नाहीत. ते काम चळवळीचे आहे आणि ते तसेच पडून आहे. २००८ सालच्या आदेशाने गावातल्या किंवा प्रभागातल्या स्त्रियांना दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदानाची मागणी करता येते. आडवी बाटली आणि उभी बाटली असे ते मतदान. या लढाया बहुतेक ठिकाणी स्त्रिया लढल्या, आणि त्यात गरीब स्त्रिया पुढे होत्या. वर्धा, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत दारूबंदी झाली. चंद्रपूरची २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. कायदा येतो आणि जातो. पिणारा आणि त्याची बायको तिथेच असतात.

ज्या खोलीत मी गेलो तिथे सगळे पुरुष होते. एके रात्री बायको म्हणाली, "तुम्हाला बोलायला जागा मिळाली. मी आठ वर्षं कुणाशी बोलले?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मद्यप्यांच्या घरच्यांसाठी अमेरिकेत १९५१ साली 'अल-ॲनॉन' नावाने वेगळ्या बैठका सुरू झाल्या. आमच्या वस्तीत तसे काही नाही. माझ्या आईने वडिलांना रोज दारातून आत आणले, पण तिला स्वतःला जाण्यासाठी आत असे काही नव्हतेच. मद्यपी पुरुषाचे आत्मकथन आपण करुणेने वाचतो. त्याचा मार खाणाऱ्या स्त्रीचे बोलणे ऐकल्याशिवाय ती करुणा अर्धी आहे.

आत्मकथन ही दलित साहित्याने मराठीला दिलेली मोठी गोष्ट. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले, आणि आपल्या माणसांनी आपले नाव, गाव, जात उघड मांडून व्यवस्थेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्या परंपरेचा मी ऋणी आहे. पण व्यवस्थेविरुद्ध साक्ष देताना नाव हवे असते, आणि स्वतःविरुद्ध साक्ष देताना ऐकणारी माणसे हवी असतात. या दोन साक्षी एकमेकींच्या शत्रू नाहीत. पहिलीशिवाय दुसरी दुबळी कबुली होते. दुसरीशिवाय पहिलीला, माझ्यासारख्याच्या तोंडून, वास येतो.

आपल्या गावोगावी विहार आहेत. जयंतीला आणि वर्षावासाला ते भरतात, एरवी बहुतेक संध्याकाळी कुलूप असते. माझी सूचना साधी आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे पुरुषांची आणि वेगळ्या वारी स्त्रियांची बैठक बसावी. एक किटली चहा असावा. जवळच्या डॉक्टरशी आधी बोलून ठेवावे, म्हणजे अंग थरथरणाऱ्याला कुठे न्यायचे ते ठाऊक असेल. जो येईल त्याला उपदेश करू नये, त्याचे ऐकावे, आणि ऐकलेले वस्तीत पसरवू नये. आपल्याच वस्तीत एकमेकांचे आडनाव सर्वांना माहीत असते, म्हणून इथे गुप्तता अधिक कठीण आहे आणि अधिक गरजेची आहे. कुणी प्रतिज्ञा मोडून परत आला तर त्याला पुन्हा बसू द्यावे. प्रतिज्ञा आजोबांसारखी एकट्याने पाळणारी माणसे थोडी असतात. बाकीच्यांना संघ लागतो.

या लेखाखाली माझे नाव छापू नये अशी विनंती मी संपादकांना केली आहे. ती भीतीपोटी नाही. ज्या म्हातारीने वास ओळखला तिला मी कोण ते माहीत आहे, माझ्या विद्यार्थ्यांपैकीही काहींना मी सांगितले आहे. पण त्या बैठकीतला माणूस छापील पानावर नाव लावत नाही, हा तिचा नियम आहे आणि मला तो पाळायचा आहे. किती दिवस झाले हेही मी लिहीत नाही. आजचा दिवस प्यायलो नाही, एवढे लिहितो.

सागताला उचलून आणले तेव्हा विहाराचे दार उघडे होते. आपली दारेही तशी असावीत.